जुन्या घराची भिंत कोरडी, तर छाती मोकळी

सोलापूरच्या जुन्या पेठांत आणि आसपासच्या गावठाणांत दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे अजून आहेत. सोलापुरात आपल्या कितीतरी माता-भगिनी घरातच दिवसभर बसून विड्या वळतात. त्यांच्या पाठीमागची भिंत कशी आहे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. उपाय म्हणून बरेच जण सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइलपेंट मारतात. त्याने अपाय होतो. दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते व वर चढते. मग लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आतली माती भिजून भिंत कमजोर होते. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत आणते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात दमा, खोकला आणि श्वसनमार्गाचे संसर्ग वाढतात, असे त्यात सांगितले आहे. तंबाखूची धूळ छातीत जातेच. त्यात बुरशीची भर नको.

मग काय करावे?

१. आधी पाणी अडवा. पन्हाळीची गळती, भिंतीलगतची मोरी, पायाशी साचणारे पाणी दुरुस्त करा. हे न करता केलेला कोणताही गिलावा टिकत नाही.

२. सुटलेले सिमेंट जपून काढा आणि भिंत वाळू द्या.

३. पांढऱ्या मातीत भरपूर भुसा किंवा बारीक काड घालून ती काही दिवस भिजवा व लेप द्या. काड जास्त तेवढा लेप हलका, आणि उष्णता कमी आत येते. काळी माती वापरू नका, तिला भेगा पडतात.

४. दुपारचे ऊन झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लेप बाहेरून द्या. वर चुन्याचे दोन-तीन हात मारा आणि पावसापासून आडोसा करा. आतही ऑइलपेंटऐवजी चुनाच लावा.

५. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद, रात्री उघड्या ठेवा.

चुना विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांना इजा करतो. मुलांना दूर ठेवा, चष्मा व हातमोजे वापरा. बुरशी खरवडताना नाकातोंडाला फडके बांधा. दमेकऱ्याने हे काम करू नये.

एक गोष्ट विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. गळती आणि ऊन थांबावे म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवले जात. तेच ओझे अंगावर कोसळले. म्हणून छतावर माती वाढवू नका, चुन्याची पांढरी सफेदी करा. भिंत फुगलेली किंवा कललेली असेल तर लेप देण्याआधी जाणकार गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवा.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे, म्हणजे पावसाआधी भिंत पुरती वाळते. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर भिंतीला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.