तापाचा आलेख वाचताना

पावसाळ्यात दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, "ताप किती होता?" उत्तर ठरलेले : "डॉक्टर, अंग खूप गरम लागत होते." हाताच्या अंदाजापेक्षा मुलाचा आलेख-कागद घ्यावा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ताप. दर सहा तासांनी काखेतच थर्मामीटर लावून ठिपका मांडावा आणि ठिपके रेषेने जोडावेत.

ही रेषा मात्र आपण काढलेली असते. सकाळी ८ ला १०३ अंश, रात्री ८ ला ९९; म्हणजे १२ तासांत ४ अंश, तासाला एक-तृतीयांश अंश उतार. प्रत्यक्षात दुपारी ताप १०४ वर गेला असेल, आणि ९९ हा सात वाजता दिलेल्या पॅरासिटामॉलचा परिणाम असेल. म्हणून गोळीची वेळही कागदावर हवी.

पुस्तकात व्हायवॅक्स मलेरियाचा ताप दिवसाआड शिखर गाठतो, टायफॉइडचा पायरीपायरीने चढतो. अशी सुबक चित्रे आता क्वचितच दिसतात. रक्ततपासणी त्यासाठी लांबवू नये.

आमच्या नाहूरमधली एक आई असा कागद घेऊन आली. चार दिवस रेषा १०२-१०३ च्या आसपास. पाचव्या दिवशी गोळीशिवाय ९८.६. "उद्या शाळेत पाठवू ना?" ती हसून म्हणाली. मुलगा मात्र बाकावर आडवा. पोटात दुखत होते, सकाळपासून तीन उलट्या, हात गार, दुपारपासून लघवी नाही. त्याच पावली रुग्णालयात पाठवला. डेंग्यू निघाला. सलाईनवर राहून चार दिवसांनी घरी आला.

डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, आणि काही रुग्णांत नेमक्या त्याच सुमारास सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. पुढचे २४ ते ४८ तास जोखमीचे. साध्या फ्लूची रेषाही अशीच खाली येते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक रुग्णाकडे पाहून कळतो : पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार हातपाय, गुंगी अथवा अस्वस्थता, कमी लघवी. यांपैकी एकही दिसले तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला तरी कागद फेकू नका. आणखी दोन दिवस त्यावर तापाऐवजी लघवी किती वेळा झाली ते लिहा.