कॅलेंडरवरचा खाडा

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं तेव्हा थोरली तीन वर्षांची होती. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे उमगलं, ते लिहून ठेवते आहे.

१. बाळासाठी बाई शोधण्याआधी घरासाठी शोधा.
टाके ओले होते तेव्हा सगळे सांगत होते, बाळाकडे बघायला कुणीतरी ठेव. पण अंगावर पिणारं बाळ दर दोन-तीन तासांनी माझ्याकडेच येणार. मग मधल्या वेळात बाळ दुसरीच्या मांडीवर आणि मी वाकून केर काढते आहे, हे मला पटेना. आम्ही केर-फरशी, भांडी आणि धुणं ताईंकडे दिलं. स्वयंपाक सासूबाईंनी घेतला, मी बाळाजवळ राहिले. ताई माझ्याच वयाच्या; आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो.

२. काम वाढलं की पैसे आपणहून वाढवा.
भांडी एक वेळची की दोन वेळची, कपडे मशीनमधून काढून नुसते वाळत घालायचे की हातानं धुवायचे, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्यावं. आम्ही बोललो होतो. पण पावसाळा लागला, लंगोट-दुपट्यांचे ढीग पडू लागले, आणि ताई ते सगळं हातानं धुऊन पिळून दोरीवर टाकत राहिल्या. दीड महिन्यानं त्यांनी चाचरत विषय काढला. तो मीच काढायला हवा होता.

३. बेल बंद ठेवा.
बाळ झोपलं की नेमकी बेल वाजायची. ताई आता खालून मिस्ड कॉल देतात. भांडी शेवटी घासतात, म्हणजे त्यांचा आवाज बाळ उठायच्या सुमारास होतो. ही युक्ती त्यांचीच.

४. फिनेल शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.
आमच्याकडे तसंच ठेवलेलं होतं, मोरीच्या कोपऱ्यात. एका सकाळी थोरलीनं ती बाटली तोंडाला लावायच्या आत ताईंनी हिसकावली. तेव्हापासून फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच आपापल्या मूळ बाटल्यांत, माळ्यावर. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आणि पोटात काही गेलंच तर उलटी काढायला लावायची नाही. बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं.

५. बाई ठेवली म्हणून नवऱ्याचं काम संपत नाही.
सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचासुद्धा फक्त ९७. मी हे आकडे जेवताना वाचून दाखवले. रात्रीची ओटा-आवर आणि सकाळचा डबा तेव्हापासून त्याच्याकडे आहे, आणि तो ते न सांगता करतो.

६. खाडा म्हणू नका, रजा म्हणा.
हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ताईंचे खाडे मांडलेले असायचे. महिन्याला दोनांच्या वर गेले की पैसे कापायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. गेल्या थंडीत धाकट्याला ताप आला. मी ऑफिसातून तीन दिवस रजा घेतली, पगार पूर्ण मिळाला. पुढच्याच आठवड्यात ताईंच्या मुलाला ताप आला. त्या चार दिवस आल्या नाहीत, आणि मी चौकोनांत चार फुल्या मारल्या. पगाराच्या दिवशी पैसे मोजताना माझा हात थांबला.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांना १९८० चा संप आठवत होता, पुण्यातल्या मोलकरणी काम थांबवून रस्त्यावर उतरल्या होत्या तो. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सासूबाईंच्या कडेवर तेव्हा माझा नवरा होता. “राग आला होता गं मला,” त्या म्हणाल्या, “दिवसभर धुणं-भांडी करून कंबर मोडली होती. पण त्या मागत होत्या काय, तर पगारवाढ आणि सुट्टी. आजारी पडायची तरी मुभा नको का माणसाला?” कापलेले पैसे मी दुसऱ्या दिवशी ताईंना दिले, त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, नोटा घडी करून कमरेला खोचल्या आणि केरसुणी हातात घेतली.

आता महिन्याला चार भरपगारी रजा ठरल्या आहेत, आजारपण वेगळं. आदल्या दिवशी सांगायचं एवढीच अट, आणि आम्ही गावाला गेलो तरी पगार चालू. पूर्वी ऐन वेळी कळायचं आणि माझी सकाळ कोसळायची. आता रात्रीच कळतं, मग आम्ही दोघं कामं वाटून घेतो, फरशी एक दिवस राहू देतो.

या महिन्याच्या पानावर दोन चौकोनांत ‘रजा’ लिहिलं आहे. अक्षर ताईंचं आहे.