मोठ्या अक्षरात

चि. विनूस,

फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून लिहिते आहे. बोट ठेवून वाचलंस तरी चालेल, खोलीत कोण बघतंय!

परवा मंडईत तुझ्या खोलीतल्या पोराची आई भेटली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या विनूनं रायटरचा अर्ज फाडला म्हणे. अर्थशास्त्राचा पेपर निम्मा कोरा ठेवून आला." खरं का रे हे? मी भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी आले.

कारणही तिनंच सांगितलं. संघातली पोरं चिडवतात : आधी स्पोर्ट्स कोटा, वर एलडीचा दाखला, म्हणजे डबल सवलत. त्या दाखल्यासाठी तुझ्या आईनं मुंबईच्या किती खेपा घातल्या, ते त्या पोरांना काय ठाऊक? १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नावही नव्हतं; २०१६ च्या कायद्यात ते आलं. रायटर शेजारी बसलेला नको वाटत असेल तर नको घेऊस. पण तीन तासांच्या पेपरला तासभर जादा, हे नियमात आहे. तेवढं तरी माग. अर्ज दिलास का?

आणि तुझे कोच म्हणे म्हणाले, "तू चढाईकडे बघ, पास व्हायचं आम्ही बघतो." चिडवण्यापेक्षा मला याचीच भीती जास्त. अमेरिकेत डेक्स्टर मॅन्ली म्हणून फुटबॉलपटू होता. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळून पुढं व्यावसायिक संघात नावारूपाला आला. १९८९ मध्ये सिनेटच्या समितीपुढं त्यानं रडत सांगितलं, की कॉलेज झालं तरी मला वाचता येत नव्हतं. मोठेपणी शिकला बिचारा. तुझ्याही पायात जोर आहे तोवर सगळे "बघतील". गुडघा गेला की कोण बघणार आहे?

बोलले जरा जास्त. पण माझ्या धाकट्या भावाचं, सुरेशचं, तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तो चौथीत होता आणि त्याचा अभ्यास माझ्याकडे असायचा. 'बदक'चं 'दबक' करायचा. मला वाटायचं, मुद्दाम करतो. शंभर वेळा लिहायला लावलं, एकशे एकाव्यांदा पुन्हा 'दबक'. मी पाटी अंगणात भिरकावली. तो रडला नाही. पाटीचे तुकडे सदऱ्याच्या ओच्यात गोळा केले आणि माझ्यापुढं आणून ठेवले, जणू चूक त्याचीच होती. नववीत शाळा सुटली त्याची. पुढं तीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं शिकवली, आणि घरातल्या पोराला काय होतंय ते तुझे कागद हातात आले तेव्हा कळलं. हे रक्तातून येतं म्हणतात. अजूनही बँकेत फॉर्म पुढं आला की सुरेश म्हणतो, "चष्मा घरी राहिला." त्याला चष्मा नाही, हे तुलाही माहीत आहे.

तर अर्ज. तारीख गेली असेल तर परीक्षा विभागात जाऊन विचार. एकट्याला जायचं जिवावर येत असेल तर मी येते. गाडीत बसायला मला काय, पिशवी भरलेलीच असते.

तुझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची एक प्रत मी इथं आणून ठेवली आहे. रोज संध्याकाळी एक प्रकरण मोबाइलवर वाचून पाठवीन. मध्येच कुकरची शिट्टी येईल, तेवढी सोडून ऐक. काल मागणी-पुरवठ्याचं वाचत होते. सुरेश टेम्पो लावून आला आणि आत न येता पायरीवरच बसला. प्रकरण संपलं तसं मी पुस्तक मिटलं, तर बाहेरून म्हणाला, "अक्का, पुढचं वाच की."

तुझी,
आत्या