विहिरीवरील पंप

पूर्वी महाराष्ट्रातील अनेक गावी मोटेच्या कुरकुरीने पहाट होत असे. बैल धावेवरून उतरू लागले, की नाडा ताणला जाई, चाक करकरू लागे आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. घरच्या पाण्यासाठी स्त्रिया रहाटावर पोहरा ओढीत व त्यांच्या हातांना घट्टे पडत. आज पुष्कळ विहिरींवर विजेचा पंप आहे. कळ दाबताच पाणी येते. तथापि पंप विकत आणणे निराळे आणि तो योग्य रीतीने बसवणे निराळे.

समजा, एका घराच्या विहिरीत पावसाळ्यात काठापासून 4 मीटरांवर पाणी असते आणि चैत्रात ते 12 मीटरांपर्यंत खाली जाते. घरच्यांनी पंप काठावर बसवला. श्रावणात पाणी धो धो आले. चैत्रात मात्र पंप नुसताच घरघरू लागला. त्यांनी कर्ज काढून दुप्पट शक्तीचा पंप आणला, तरीही थेंब आला नाही. बिघाड पंपात नव्हता. मग दोष कोठे होता?

हाच प्रश्न इटलीतील थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याच्यापुढेही उभा राहिला होता. पाणी शोषून घेणारा पंप सुमारे 10 मीटरांपलीकडे पाणी चढवू शकत नाही, असे त्याने 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. परंतु त्याचे खरे कारण त्याला उमगले नाही. ते शोधले टॉरिचेली याने. आपण सारे जणू हवेच्या सागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेचा भार सर्व वस्तूंवर पडतो, हे त्याने ओळखले. 1643 च्या सुमारास केलेल्या प्रयोगात हा भार नळीतील पारा सुमारे 76 सेंटिमीटर उंच तोलून धरतो, असे दिसून आले. पाणी पाऱ्याहून सुमारे साडेतेरा पट हलके. म्हणून तोच भार पाण्याला सुमारे 10 मीटरांपर्यंतच चढवू शकतो.

पंपातील पाते वेगाने फिरते व पाणी बाहेर फेकते. त्यामुळे मध्यभागी दाब कमी होतो. मग विहिरीतील पाण्यावरचा हवेचा भार पाण्याला नळातून वर ढकलतो. म्हणजे पाणी वर चढवते ती हवा! पंपाची शक्ती दुप्पट केल्याने हवेचा भार दुप्पट होत नाही. शिवाय नळातील घर्षणामुळे व्यवहारात 6 ते 7 मीटरांचीच मर्यादा धरावी लागते. याउलट, पंपात शिरलेले पाणी पुढे किती उंच जाईल, हे पंपाच्या शक्तीवर अवलंबून असते.

म्हणून अशा विहिरीत पंप आतल्या ओट्यावर, उन्हाळ्यातील पाण्याच्या जवळ बसवावा आणि पाऊस पडून पाणी चढण्यापूर्वी वर काढावा. अथवा पाण्यात बुडून राहणारा पंप घ्यावा. तो पाणी शोषत नसून खालून ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा बाधत नाही.

ओट्यावरचा पंप पक्क्या, सपाट चौथऱ्यावर घट्ट आवळावा. शोषणाचा नळ शक्य तितका आखूड असावा व त्याला वळणे थोडी असावीत. त्याच्या सांध्यात सुईएवढे छिद्र राहिले, तरी पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. नळाच्या टोकाशी जाळीचा फूटव्हॉल्व्ह बसवावा. तो पाण्यात चांगला बुडालेला, परंतु गाळापासून वर असावा. त्याची झडप पाणी आत घेते, पण परत जाऊ देत नाही. पंप प्रथम सुरू करताना त्यात व नळात पाणी भरून हवा घालवावी.

विजेची जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. अर्थिंग टाळू नये आणि वीज तोडल्यावाचून विहिरीत उतरू नये. तेलावर चालणारे इंजिन तर विहिरीत कधीच उतरवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नसतो व वासही नसतो. खोल विहिरीत तो साचतो आणि माणसाचा प्राण घेतो.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. पंप पाणी उपसतो. निर्माण करीत नाही. विहीर भरतात ते झरे, तेही आपल्या संथ गतीने. मोटेचे बैल थकत, तेव्हा विहिरीलाही विसावा मिळे. पंप थकत नाही. म्हणून कोठे थांबावे, हे माणसालाच ठरवावे लागते. ज्या घरी हे भान राहते, त्या घरची विहीर वैशाखातही साथ देते.

स्वाध्याय

1. मोठा पंप आणूनही चैत्रात पाणी का आले नाही?
2. फूटव्हॉल्व्ह पाण्यात कोठे असावा? का?
3. ‘पंप पाणी उपसतो, निर्माण करीत नाही.’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.