एर्विन काझमिर आणि सेबरचा खेळ

तलवार म्हटली कीं आपणांस प्रतापगड आठवतो, सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला आठवतो. परंतु केवळ खेळ म्हणूनहि तलवार जगांत चालत आली आहे. १८९६ सालीं अथेन्स येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांपासून सेबर नांवाच्या तलवारीच्या लढती त्यांत होत आहेत.

सेबरचें पातें ८८ सेंटिमीटर, आणि सगळी तलवार अर्ध्या किलोहूनहि हलकी. कमरेच्या वरचा देह, डोकें व बाहू धरून, वारास मोकळा. टोक टेंकलें तरी गुण, धार लागली तरी गुण. दोघांचे वार एकदमच लागले तर ज्यानें हल्ला आधीं आरंभिला त्यास गुण. मात्र प्रतिपक्ष्यानें तो वार आपल्या पात्यावर अडविला कीं उलट वाराचा हक्क त्याचा. आज लागलेला वार विजेच्या दिव्यानें कळतो. पूर्वीं चार पंच डोळ्यांनीं पाहून सांगत, आणि आपणांस वार लागला हें खेळाडूनें स्वतः कबूल करणें हा शिष्टाचार होता. आम्हांस दिव्यापेक्षां ही कबुलीच अधिक आवडते.

एर्विन काझमिर हे १८९५ सालीं जन्मले. त्यांच्याच घराण्यांतील गुस्ताव काझमिर यांनीं १९०६ सालीं अथेन्सला सेबरचें सुवर्णपदक मिळविलें होतें. एर्विन एकवीस वर्षांचे झाले तेव्हां, १९१६ सालीं, बर्लिनला ठरलेले सामने महायुद्धामुळें झालेच नाहींत. १९२० व १९२४ सालीं जर्मनीस आमंत्रणच नव्हतें. ज्या वयांत पाय चपळ असतात तें वय असें निघून गेलें. अखेर १९२८ सालीं, तेहतिसाव्या वर्षीं, ॲम्स्टरडॅमला त्यांनीं फॉइल ह्या दुसऱ्या तलवारींत रौप्यपदक घेतलें. १९३६ सालीं बर्लिनला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, फॉइल व सेबर या दोन्ही सांघिक सामन्यांत त्यांस कांस्यपदक मिळालें. त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक देशी खेळ दाखविण्यास गेलें होतें.

पण त्या बर्लिनांत हिटलरचें राज्य होतें. जर्मनीची हेलेन मायर हिचे वडील ज्यू. १९३३ सालीं तिच्या क्लबानें तिचें नांव कमी केलें, तरी जर्मनीसाठीं खेळून तिनें फॉइलचें रौप्यपदक जिंकलें. सेबरचें वैयक्तिक सुवर्णपदक तर हंगेरीच्या एन्द्रे काबोस या ज्यू खेळाडूनेंच नेलें. पुढें ज्यू म्हणून काबोसांस सक्तीच्या मजुरीच्या छावणींत धाडण्यांत आलें, आणि १९४४ च्या नोव्हेंबरांत बुडापेस्टच्या मार्गारेट पुलावरील स्फोटांत त्यांचा अंत झाला. काझमिरांचीं तीं दोन पदकें मोजतांना हें वगळणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

युद्धानंतर कांहीं काळ जर्मनींत ह्या खेळावर दोस्त राष्ट्रांची बंदी होती. ती उठल्यावर संघटना पुन्हा उभी करण्यांत काझमिरांचा पुढाकार होता. १९८२ सालीं ते वारले.

वरवंडच्या पालकांस वाटेल कीं हा खेळ परक्यांचा व पैसेवाल्यांचा. चेन्नईच्या भवानी देवीनें शाळेंत असतांना बांबूच्या काठ्यांवर सराव करून सेबर शिकण्यास आरंभ केला, कारण खरी तलवार महाग पडे. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. पहिली लढत तिनें १५–३ अशी जिंकली, आणि दुसरींत फ्रान्सच्या मानों ब्रुनेनें तिला १५–७ असें हरविलें.