जुन्या वाघिणींचा पोलादी कायापालट

मालगाडीची वाघीण जुनी झाली, की ती मोडीत काढावी, असे सहज वाटते. परंतु तिचा नेमका कोणता भाग जुना झाला, हे आधी पाहावयास हवे. अमेरिकेतील अनेक रेल्वे कंपन्यांनी १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तसे पाहिले.

पहिल्या महायुद्धात तेथील रेल्वेचा कारभार केंद्र सरकारने हाती घेतला होता. १९१८ मध्ये त्या प्रशासनाने ठरावीक नमुन्यांच्या सुमारे १ लाख वाघिणी मागविल्या. त्यांतील ५० हजार बंदिस्त होत्या. यांपैकी निम्म्यांच्या भिंतींना बाहेरून पोलादी चौकट आणि आतून लाकडी फळ्या होत्या. फळ्या वाळून आकसत, बोल्ट सैल पडत, फटींतून पावसाचे पाणी शिरे आणि धान्य गळे. तळाचा पोलादी सांगाडा मात्र शाबूत होता; आणि गाडीची सारी ओढ व धक्के सोसणारा वाघिणीचा कणा तोच.

तेव्हा सांगाडा तसाच ठेवून फळ्यांच्या जागी पोलादी पत्र्याच्या भिंती उभारल्या गेल्या. त्या किंचित बाहेर सरकविल्याने आतील रुंदी वाढली. मात्र खाली त्यांना मूळ सांगाड्याशी सांधण्यासाठी आधार द्यावे लागले. छप्पर उंचावताना काही ठिकाणी टोकांच्या जुन्या पन्हळी पत्र्यांवरच नवी पट्टी जोडली गेली. लाकूड सर्वस्वी गेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. माल खिळ्यांनी जखडता यावा म्हणून तळ लाकडीच राहिला.

अशा कितीतरी वाघिणी दुसऱ्या महायुद्धातील प्रचंड वाहतुकीत राबल्या.