विण्यापूर्वीच कालवडीला दूध : कारण चाऱ्यात शोधावे

होसकोटे (बेंगळूरू ग्रामीण) हा नाचणी, मका व दुग्धव्यवसायाचा तालुका आहे. अशा भागात गाभण नसलेल्या कालवडीची कास भरून दूध उतरले, तर कोणी त्यास चमत्कार मानतो, कोणी कुतूहलाने सड पिळून पाहतो. दोन्हींत कालवडीचेच नुकसान होते.

कारणे

प्रथम पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करावी; नकळत फळलेली कालवड हे सर्वांत साधे कारण होय. कालवडी परस्परांचे सड चोखतात का, हेही पाहावे. दोन्ही नसल्यास आहाराकडे वळावे.

फ्युझेरियम बुरशी मक्यात झिअरालेनोन हे विष निर्माण करते. शरीरात ते इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे कार्य करते. त्यामुळे कास अकाली वाढते, योनिमुख सुजते, माज अनियमित होतो. अमेरिकेतील मांसोत्पादक बंदिस्त गोठ्यांत जनावरांच्या कानात कातडीखाली बसविले जाणारे झेरॅनॉल हे वाढवर्धक याच विषापासून बनवितात. म्हणजे तिकडे जे हेतुतः दिले जाते, तसेच द्रव्य इकडे बुरसट मक्यातून नकळत पोटात जाऊ शकते.

किडीचा संबंध

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम 2018 मध्ये कर्नाटकात आढळली. कणीस पोखरणाऱ्या अळ्यांच्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. लसूणघासावर मावा किंवा पानांवरील बुरशीजन्य रोग वाढल्यास त्यातील कुमेस्ट्रॉल हे इस्ट्रोजेनसदृश द्रव्यही वाढते. म्हणून पीकसंरक्षण हा गोठ्याच्या आरोग्याचाच भाग होय.

उपाय

1. संशयित चारा व खुराक त्वरित थांबवावा; नमुना तपासणीसाठी राखून ठेवावा.
2. कालवडीचे दूध काढू नये. पिळल्याने सडाच्या टोकाचे नैसर्गिक बूच निघते आणि कासदाहाचे जंतू आत शिरतात. गोमाश्याही हे जंतू पसरवितात. गोठा कोरडा ठेवावा.
3. कास गरम, कठीण किंवा दुखरी असल्यास पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.
4. पोंग्यातील अळीची नियमित पाहणी करावी, कामगंध सापळे लावावेत.
5. बुरसट कणसे वेगळी काढावीत. दाणे 14 टक्क्यांहून कमी ओलाव्यावर साठवावेत. मुरघास घट्ट दाबून हवाबंद ठेवावा. दाणे शिजविल्याने हे विष नष्ट होत नाही.

कारण दूर झाल्यावर कास बहुधा हळूहळू ओसरते. मात्र सड पिळून एक भाग निकामी झाला, तर पुढील प्रत्येक वेताचे दूध घटते.